चार हात टेप

परवा सकाळी गल्लीत पिंजारी आला. त्याच्या खांद्यावरच्या, कापूस पिंजायच्या धनुकलीला एकच तार असते आणि ती एकच सूर काढते, पण तो सूर ऐकला की आमच्या घरात कुणीतरी ‘थंडी आली’ असं म्हणतंच. यंदा आई म्हणाली. मग तिने माळ्यावरून रजया काढल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला, आणि त्याच दुपारी प्रधान काकूंची चिठ्ठी आली.

चिठ्ठी लहानशीच आहे. निळी शाई, सुंदर अक्षर. पाडव्याच्या पहाटे इथलं मराठी मंडळ पुन्हा त्याच गायकाच्या गाण्यांचा कार्यक्रम करतंय, तीन वर्षांपूर्वीसारखा. आण्णांनी यावं, त्यांचं ते गाणं म्हणावं. शेवटी एक ओळ आहे: ‘मात्र गाणं संपूर्ण व्हावं, ही विनंती.’ ‘संपूर्ण’खाली रेघ ओढलेली आहे.

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा काढून ठेवला आणि चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. म्हणाले, “तूच लिही उत्तर. कॉलेजात जातीस.” बिस्किटाच्या पुड्यावरचं इंग्रजी वाचायचं असलं तरी ते हेच म्हणतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिण्या-वाचण्याचं सगळं माझ्याकडे येतं. आता चिठ्ठी माझ्या एम.ए.च्या पुस्तकात दोन दिवस पडून आहे. काय लिहायचं ते मला माहीत आहे. कसं लिहायचं ते कळत नाही, म्हणून आधी हे लिहून बघते आहे.

त्या गायकाचं नाव मी इथे घालत नाही. नाव घेतलं की ऐकणारा आपापली आवडती गाणी गुणगुणायला लागतो आणि पुढचं ऐकत नाही, असा माझा अनुभव आहे. एवढंच सांगते, की तो आवाज मोठा नव्हता. माइकच्या अगदी जवळ येऊन, शेजारी बसलेल्या एकाच माणसाला काहीतरी सांगावं, तसं तो गायचा. ओरडावं लागेल अशी गाणी त्याने घेतलीच नाहीत म्हणे. दिवसभर मशीनच्या आवाजात उभ्या राहणाऱ्या माणसांना तो का आवडत असेल, हे मला फार उशिरा समजलं.

आण्णा सांगलीहून फरीदाबादला आले ते एकटे नाही. कारखान्याने इकडे नवं युनिट काढलं तेव्हा तिकडच्या वर्कशॉपमधून अकरा जण आणले होते. टर्नर, फिटर, वेल्डर, एक मोल्डर. दोन वर्षांसाठी जायचंय, असं सांगितलं होतं. माझा जन्म त्या दोन वर्षांनंतरचा आहे.

त्या अकरांतले मुलाणी काका मिरजेचे. फिटर होते, पण बोटं तबल्याची. त्यांचे चुलते मिरजेत तंबोरे करायचे, हे ते दर ओळखीत एकदा सांगत. अकरांत टेपरेकॉर्डर फक्त त्यांच्याकडे होता, आणि त्या गायकाची कॅसेटही एकच. रविवारी आंघोळी उरकल्या की सगळे त्यांच्या दोन खोल्यांत जमायचे. मुलाणी काकी परातभर पोहे करायच्या. आम्ही मुलं भिंतीकडेच्या पत्र्याच्या पेटीवर दाटीवाटीने बसायचो आणि मोठी माणसं खाली, पाय पोटाशी घेऊन. सगळ्यांच्या नखांत काळं तेल. त्या एका दिवशी कुणी कुणाला कामाबद्दल विचारायचं नाही, असा न ठरवलेला नियम होता.

सगळ्यांचं लाडकं गाणं होतं वाटेचं. आम्ही त्याला ‘वाटेचं गाणं’च म्हणायचो. एक माणूस उजाडायच्या आत घरातून निघतो, मागे खिडकीत दिवा ठेवलेला असतो, हे पहिलं कडवं. दुसऱ्यात तो परक्या गावात पोचलाय, तिथल्या धुराचा वासही त्याला ओळखीचा वाटत नाही.

मी सात-आठ वर्षांची असताना एका रविवारी यंत्राने टेप चावली. आवाज आधी जाड झाला, मग रडल्यासारखा, मग थांबला. मुलाणी काकांनी झाकण उघडलं तर आत टेपचा गुंता. पेन्सिलीने ओढून ओढून बाहेर काढली. चार हात तरी टेप सुरकुतून गेली होती. काकांनी दाढीचं ब्लेड घेतलं, खराब भाग दोन्ही बाजूंनी कापला आणि चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावून टोकं जोडली. जोडताना त्यांनी जीभ दातांत धरली होती, ती मला अजून दिसते. मग कॅसेट लावली. दुसरं कडवं संपलं, ‘टक्’ असा बारीक आवाज झाला, आणि गाणं एकदम शेवटच्या ध्रुवपदात जाऊन पडलं. तेही ओळीच्या अर्ध्यात.

“लागलं की,” मुलाणी काका म्हणाले, आणि पुढची बारा-तेरा वर्षं ते गाणं तसंच लागत राहिलं.

सगळे टेपबरोबर म्हणायचे, म्हणून सगळे टेपबरोबर उडीही मारायचे. वीज गेली तरी गाणं थांबायचं नाही. नुसत्या गळ्यांवर पुढे चालायचं, आणि उडीची जागा आली की मुलाणी काका बोटाच्या पेराने पत्र्याच्या पेटीवर मारायचे. टक्. पेटीवर बसलेल्या आम्हा मुलांना ते खालून लागायचं आणि आम्ही त्याचीच वाट बघायचो. मला तर वाटायचं, टक् गाण्यातलंच आहे, चाल करणाऱ्यानेच घातलंय. शेजारच्या आंटींच्या मुलाला मराठीचा एक शब्द येत नव्हता, पण तोही खिडकीतून विचारायचा, “अंकल, वो टक वाला गाना लगाओ ना.”

त्या गाण्याला तिसरं कडवं आहे, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळलं.

ती दिवाळी तीन वर्षांपूर्वीची. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळच्या शटलने दिल्लीला जायचे, गाडीत उभ्याने इतिहासाच्या नोट्स वाचायचे. वर्गात कुणी विचारलं तर ‘पापा कंपनी में हैं’ एवढंच सांगायचे. कंपनीत काय करतात, हे विचारायच्या आत मी विषय बदलायचे. त्यात मी फार पटाईत झाले होते.

फरीदाबादही तेव्हा विषय बदलत होतं. बायपासच्या कडेला जिथे थंडीत सरसोंची शेतं पिवळी दिसायची तिथे टॉवर उभे राहत होते, त्यांना इंग्रजी नावं. गल्लीत केबल आली होती. कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं नवं मशीन आलं. त्याला एकदा माप दिलं की हजार नग सारखे काढतं, असं आण्णा सांगायचे. सांगताना त्यांच्या आवाजात कौतुकच असायचं. मग गेटजवळच्या बोर्डावर कागद लागला: स्वखुशीने ज्यांना काम सोडायचंय त्यांनी नावं द्यावीत. त्या थंडीच्या आधीच अकरांतल्या चौघांची खुशी झाली होती.

अशा दिवसांत प्रधान काकू आमच्या घरी आल्या. टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेल्या, पुण्याच्या. त्यांचे यजमान मोठ्या हुद्द्यावर. त्या वाईट नव्हत्या, हे आधीच सांगायला हवं. आमच्या पलंगावर बसून त्यांनी आईच्या हातचा चहा घेतला आणि खरोखर आवडीने घेतला. तो गायक त्या उन्हाळ्यात गेला होता. ती बातमी आली त्या दिवशी काकूंनी चूल पेटवली नव्हती म्हणे. त्यांच्याकडे त्याच्या गाण्यांच्या तबकड्या होत्या, खोकी भरून. सेक्टरांतली आणि सोसायट्यांतली सगळी मराठी माणसं एकत्र आणून दिवाळी पाडव्याला त्याची गाणी करायची, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. पुण्याकडे करतात तसं, अभ्यंगस्नान करून, नवे कपडे घालून, उजाडता उजाडता गाणं ऐकायला बसायचं. “इथे थंडी असते ना,” आई म्हणाली. काकू म्हणाल्या, “शाली घेऊन येतील की.”

त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांनी एकेकाचा आवाज ऐकला. हॉलला अजून ऑइलपेंटचा वास येत होता. आण्णांनी गाण्याच्या दोनच ओळी म्हटल्या, उभ्याने, हात मागे बांधून, सुपरवायझरसमोर उभे राहतात तसे. काकूंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हणाल्या, “अहो माने, हा आवाज इतकी वर्षं कुठे ठेवला होता?” आण्णा लाजले. कितीतरी महिन्यांत कुणी त्यांच्यातली एखादी गोष्ट चांगली आहे, असं म्हटलं नव्हतं. वाटेचं गाणं आण्णांना मिळालं, तबला मुलाणी काकांना, आणि मी कॉलेजात जाते म्हणून गाण्यांमधलं निवेदन मला.

घरी येताना मुलाणी काका मला म्हणाले, “काय सुरेखाबाई, आता आमची नावं माइकवर घेणार तुम्ही. महादबाचं, तुझ्या आण्णांचं, नाव पूर्ण घे, नुसतं माने म्हटलंस तर कुठला तरी इन्स्पेक्टर उठून उभा राहील.”

पहिल्याच तालमीला ते झालं. आण्णा गात होते, बाजाच्या पेटीवर निखिल होता, काकूंच्या ओळखीचा पुण्याचा इंजिनियर, गाणं शिकलेला. दुसरं कडवं संपलं. मुलाणी काकांनी तबल्याच्या लाकडावर पेराने मारलं, टक्, आणि आण्णा ध्रुवपदात उतरले. पेटी मात्र भलतीकडेच निघून गेली होती. दोघं थांबले.

“अहो माने, तिसरं कडवं?” काकू म्हणाल्या.

“तिसरं?” आण्णांनी मुलाणी काकांकडे बघितलं.

मुलाणी काकांनी तबल्यावरची पावडर फुंकली. “ते माझ्या ब्लेडखाली गेलं, ताई.”

त्यांनी टेपची गोष्ट सांगितली आणि हॉल हसला. निखिल हसला, पण वाईट नाही. सगळ्यांत मोठ्याने मी हसले. मला त्या वेळी त्या लोकांच्या बाजूची दिसायचं होतं. हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली.

काकूंनी तिथल्या तिथे, आठवणीतून, निळ्या शाईत तिसरं कडवं लिहून दिलं आणि पूर्ण गाण्याची एक नवी करकरीत कॅसेटही. रस्त्यात दिव्याखाली थांबून मी ते कडवं वाचलं. त्यात तो माणूस परत येतो. खिडकीतला दिवा अजून तेवत असतो. दार वाजवायच्या आत, कोण आहे असं न विचारता, आतून कुणीतरी कडी काढतं. चारच ओळी. मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. इतकी वर्षं ही माणसं हे गाणं म्हणत आली होती, आणि त्यातला माणूस कधी घरी पोचलाच नव्हता.

पुढचे तीन आठवडे मी आण्णांना ते कडवं शिकवलं. संध्याकाळी मैदानातल्या रामलीलेचे भोंगे सुरू व्हायचे, घराला चुना लावलेला असायचा, ओल्या चुन्याचा वास आणि माझ्या हातात पेन्सिल. आण्णा पहिलीतल्या मुलासारखे माझ्या मागून म्हणायचे. नुसतं बोलायचं असलं की चारही ओळी घडाघडा. गायला लागले की दुसऱ्या कडव्याच्या शेवटी किंचित थांबायचे आणि सरळ ध्रुवपदात. रोज. एकदा माझा तोल गेला.

“चार ओळी आहेत, आण्णा. चार. माझ्या वर्गातल्या मुलांनी एका संध्याकाळात पाठ केल्या असत्या.”

आई पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, “हळू बोल. ते काय नवं मशीन आहे का, माप दिलं की काढलं?”

दोन दिवसांनी काकूंनी ठरवलं. अगदी मऊ शब्दांत सांगितलं त्यांनी, आण्णांना खुर्चीवर बसवून. गाणं निखिल म्हणेल, आण्णा मागे कोरसमध्ये राहतील, आवाज तर हवाच आहे. आण्णा ‘बरं’ म्हणाले. निवेदनाचा कागद माझ्याकडे आला तेव्हा त्या गाण्यापुढे निखिलचं नाव लिहिलेलं होतं. मला वाईट वाटलं असं मला लिहायला आवडेल. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आता माइकवरून चूक होणार नव्हती.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आण्णा गच्चीत आकाशकंदील करत बसले होते. आमच्या गल्लीत सगळीकडे दिव्यांच्या माळा असतात, कंदील फक्त आमचा. बांबूच्या कामट्यांना ते खळ लावत होते आणि मी तावाची टोकं धरून होते. मी म्हटलं, परवाचं मनावर घेऊ नका, शेवटी सवयच ती, इतक्या वर्षांची.

“यायला येतंय गं मला,” आण्णा म्हणाले.

आणि कामटीवरची नजर न काढता त्यांनी ते कडवं म्हटलं. अख्खं. अगदी हळू, त्या गायकासारखंच शेजारच्या एकाच माणसाला सांगावं तसं. एकही ओळ इकडची तिकडे नाही. शेवटच्या ओळीत कडी निघते तिथे आवाज जरा खाली येतो, तोही बरोबर आला. खाली रस्त्यावर कुणीतरी लवंगी फटाक्यांची माळ लावली, ती संपल्यावर मी विचारलं.

“मग तिथे का नाही म्हटलं?”

“म्हणवत न्हाई.” त्यांनी खळीचं बोट पायजम्याला पुसलं. “आपण कुठं परत गेलो? दोन वर्सं म्हणून आलो. तिथलं घर भावानं पाडून बांधलं, खिडकी कुठल्या बाजूला हाय ते पन मला ठावं न्हाई. मग दिवा हाय, दिवा हाय, असं कशाला म्हणायचं माणसांफुडं? मुलाण्याच्या ब्लेडनं बरोबर जागी कापलंय.”

“मग काकूंना तसं सांगायचं.”

“येत न्हाई म्हटलं की लोक सोडून देतात, सुरे. म्हणायचं न्हाई म्हटलं की भांडण होतं.”

त्यांनी कंदील उचलून उजेडात धरला आणि कुठल्या बाजूला कलतोय ते बघत राहिले. नवं मशीन येत नाही म्हणून बोर्डावरच्या कागदानेही त्यांना सोडूनच दिलं असतं, आणि मीही तेच केलं होतं. त्यांना ते कडवं नको होतं, आणि ‘नको’ असं कुणापुढे म्हणायला त्यांच्याकडे माइक नव्हता. माइक माझ्याकडे होता.

पाडव्याची पहाट. आदल्या संध्याकाळच्या फटाक्यांचा धूर अजून खाली उतरलेला नव्हता, रस्त्यावरचे दिवे त्यात पिवळे दिसत होते. हॉलमध्ये उटण्याचा आणि ओल्या केसांचा वास. पैठणीवर स्वेटर, स्वेटरवर मोत्यांची माळ. पुढच्या खुर्च्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, म्हणून आमच्या सेक्टरची माणसं आपसूक मागे जाऊन बसली होती. आई मागे, मुलाणी काकी तिच्या शेजारी. चार गाणी झाली. मी कागदावरचं निवेदन वाचत होते. त्यात ‘स्वरांचं चांदणं’ असं होतं, ‘अमृताचा शिडकावा’ असं होतं. वाचताना मला उगाच दुसऱ्याचे दागिने घातल्यासारखं वाटत होतं.

पाचवं वाटेचं गाणं. निखिल माइककडे निघाला. मी कागद खाली केला.

“हे गाणं कागदावर तीन कडव्यांचं आहे,” मी म्हटलं. “आमच्या सेक्टरात ते दोन कडव्यांचं आहे. टेप तुटली होती, ती मुलाणी काकांनी जोडली. तिसऱ्या कडव्यात माणूस घरी पोचतो. आमच्यातलं अजून कुणी पोचलेलं नाही. म्हणून आम्ही ते म्हणत नाही. येत नाही म्हणून नाही.” मग मला श्वास घ्यावा लागला. “गाणार आहेत माझे वडील, महादेव माने. टर्नर.”

पहिल्या रांगेतल्या काकूंकडे मी बघितलंच नाही. निखिल माइकपर्यंत आला होता. क्षणभर तो तिथेच उभा राहिला, मग पेटीकडे वळला आणि बसून सूर धरला. तेवढ्यासाठी मी त्याला कायम चांगलं म्हणेन. आण्णा कोरसमधून पुढे आले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की घरी गेल्यावर माझं काही खरं नाही. मग हात मागे बांधले, नंतर काय वाटलं कोण जाणे, सोडले, आणि गायला लागले.

दुसरं कडवं संपलं. मुलाणी काकांनी तबल्याच्या लाकडावर मारलं. आणि त्याच क्षणी मागच्या रांगांतून, खुर्च्यांच्या लोखंडावर, पेरांनी, अंगठ्यांनी, आईच्या बांगडीने. टक्. एकच, पण हॉलभर. पुढच्या रांगेतली माणसं दचकून वळली. तोवर आण्णा ध्रुवपदात, अर्ध्या ओळीत, आपल्या जागी पोचले होते.

टाळ्यांचा कडकडाट वगैरे झाला नाही. मागून वाजल्या, पुढून थोड्या वाजल्या, एका आजोबांनी शेजाऱ्याला ‘माइक बिघडला का हो?’ असं विचारलेलं मला ऐकू आलं. कार्यक्रम पुढे गेला. मी उरलेली चांदणी आणि अमृतं वाचली.

फराळाच्या वेळी काकू माझ्याजवळ आल्या. रागावल्या नव्हत्या, दुखावल्या होत्या, आणि ते मला जास्त जड गेलं. म्हणाल्या, “सुरेखा, बोललीस छान. पण तो माणूस पूर्ण गाऊन गेलाय. त्याला आदर द्यायचा, तर त्याचं गाणं तोडून?”

हातात चकली होती, ती मी धरून राहिले. पुढच्या दिवाळीला निवेदन मला मिळालं नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

घरी जाताना आण्णा माझ्या दोन पावलं पुढे. शाल डोक्यावरून घेतलेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, “टर्नर म्हणालीस ते बरं केलंस.” बाकीच्याबद्दल ते आजवर बोललेले नाहीत.

काकूंचा प्रश्न मात्र मी अजून वागवते आहे. प्रश्न खोटा नाही. त्या जानेवारीत मंडळाची बस पानिपतला गेली, लढाईच्या स्मारकाला, काला अंब म्हणतात तिथे. सगळे हात जोडून उभे होते, काहींच्या डोळ्यांत पाणी होतं, धुक्यामुळे दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. मुलाणी काका आण्णांना हळूच म्हणाले, “महादबा, जे मेले त्यांचं सगळे सांगतात, जे परत गेले त्यांचंही सांगतात. जे इथंच राहिले त्यांनी काय केलं असेल?” आण्णांनी जरा विचार केला. “रजया घेतल्या असतील. थंडी केवढी हाय.” आणि खरंच, परतताना बाजारात दोघांनी एकेक रजई घेतली.

मला वाटतं, काकूंना द्यायचं उत्तर तिथेच कुठेतरी आहे. तो गायक ते गाणं स्टुडिओत एकदा पूर्ण गायला. त्याचा आवाज काकूंच्या तबकड्यांवर तसाच्या तसा आहे, एक ओरखडा नाही, आणि काकू तो जपतात, ते फार चांगलं करतात. पण आमच्याकडे ते गाणं राहायला आलं. तेलाच्या हातांनी हाताळलं गेलं, मशीनमध्ये सापडलं, कापलं गेलं, जोडलं गेलं, आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा कामावर हजर झालं. त्याची चार हात टेप गेली. आमच्या माणसांचं काय काय गेलं, ते कुणी हाताने मोजलेलं नाही. जिथे तुटलं तिथे खूण ठेवून पुढचं म्हणायचं, हा आमचा आदर आहे. तो कुणाला अर्धा वाटला तर वाटो.

यंदाच्या मे महिन्यात मुलाणी काका मिरजेला परत गेले. कायमचे. त्यांनीही बोर्डावरच्या कागदावर नाव दिलं होतं, मुलाने तिकडे छोटं दुकान टाकलंय. अकरांतले पोचणारे ते पहिले. आम्ही निजामुद्दीनला सोडायला गेलो. उन्हाने फलाट तापला होता. पत्र्याची पेटी सीटखाली सरकवताना काकी सारखं म्हणत होत्या, “हळू, हळू, तिला पोचा येईल,” आणि काका म्हणत होते, “तिला सगळे पोचे मीच आणलेत.” मग त्यांनी खिशातून ती जोडलेली कॅसेट काढली आणि खिडकीच्या गजांतून माझ्या हातात दिली. “सुरेखाबाई, इतिहास शिकता ना. ठेवा.”

गाडी सुटायला पाच-सात मिनिटं होती. आण्णांनी गज धरले आणि वाटेचं गाणं म्हणायला लागले, अगदी हळू. शेजारचा प्रवासी वर्तमानपत्र खाली करून बघत होता. पहिलं कडवं, दुसरं कडवं. टक्ची जागा आली. मुलाणी काकांनी सवयीने बोट उचललं, खिडकीच्या पत्र्यावर आणलं, आणि तेवढ्यात आण्णा तिसरं कडवं म्हणायला लागले.

काकांनी ते बोट तसंच वर धरून ठेवलं. दिवा तेवत होता तोवर, कडी निघाली तोवर. ध्रुवपद संपलं तेव्हा त्यांनी तो हात गजांतून बाहेर काढून आण्णांच्या डोक्यावरून फिरवला, लहान भावाच्या फिरवावा तसा. गाडी हलली.

परतीच्या बसमध्ये मी आण्णांना काही विचारलं नाही. तेच म्हणाले, “ज्याचं होतं त्याला दिलं.”

त्यानंतरच्या रविवारी उरलेले आमच्याकडे जमले. आण्णा गायले. दुसरं कडवं संपलं आणि सगळे थांबले, कारण टक् झालंच नाही. पत्र्याची पेटी मिरजेत होती. तेव्हा मला कळलं की टक्शिवाय पलीकडे जाता येत नाही. मी स्टुलावर बसले होते. पेराने मारलं. आण्णांनी माझ्याकडे न बघता उडी घेतली.

आज पिंजारी पुन्हा आला आहे, शेजारच्या अंगणात कापूस पिंजतो आहे. चिठ्ठीचं उत्तर मी लिहिलं. खरडून, फाडून, तिसऱ्या कागदावर. ते असं:

‘प्रधान काकूंना सप्रेम नमस्कार. आण्णा पाडव्याला येतील. गाणं संपूर्ण होईल. दोन कडवी आणि टक्. तिसरं कडवं आण्णांना येतं, मी स्वतः ऐकलं आहे. जो घरी पोचला, त्याच्यासाठी त्यांनी ते म्हटलं. बाकीच्यांचं गाणं दोन कडव्यांचंच आहे. तसं चालणार नसेल तर कळवावं, आम्ही आमच्या गल्लीत म्हणू. मुलाणी काका आता इथे नाहीत, त्यामुळे टक् मी करीन. आपल्या हॉलमधल्या खुर्च्या लोखंडी आहेत, चांगल्या वाजतात.’

‘संपूर्ण’खाली मीही रेघ ओढली आहे.